खिसे नसलेला गणवेश

"खिसेच नाहीत," एमिल हुडाक स्वतःशी पुटपुटला आणि त्याने फोटोवरचं भिंग बाजूला केलं.

टेबलापलीकडे त्याची आई, व्हेर्ना, अजून काळ्या कपड्यांतच बसली होती. एमिलच्या वडिलांना मातीत ठेवून जेमतेम दोन तास झाले होते. शेजारणींनी आणून दिलेले खिमा भरलेले कोबीचे रोल ओट्यावर गार होत होते. त्यांना कुणी हात लावला नव्हता.

फोटो तिला आदल्या दिवशी सापडला होता. नवऱ्याची टायपिन शोधताना त्याची मासेमारीची पेटी उघडली, तर गळांच्या कप्प्याखाली हा. दोन रांगांत उभी असलेली वीस मुलं, सगळी बारा-तेरा वर्षांची. पुढच्या रांगेत, डावीकडून तिसरा, कमरेला ड्रम अडकवलेला तिचा नवरा, अँडी. कान तेव्हाही तसेच बाहेर आलेले.

"तुझ्यात हे ड्रमचं वेड कुठून आलं, ते कळलं बघ आता," ती म्हणाली. आठवड्याभरात पहिल्यांदा तिचा चेहरा थोडा खुलला होता. "सांग ना, कुठलं पथक? चर्चचं की खाणकामगारांचं?"

हे सांगण्यात एमिलचा हातखंडा होता. तीन राज्यांतून लोक त्याला जुने फोटो पाठवत. टोपीचा तुरा, बटणांच्या रांगा, विजारीवरची पट्टी एवढं पाहिलं की तो पथकाचं नाव, गाव आणि बहुतेक वेळा सालही सांगायचा. पण आत्ता त्याचं लक्ष गणवेशाकडे नव्हतं. त्याच्या डोक्यात संताप भरला होता.

नऊ वर्षं तो चर्चच्या पथकात ड्रम वाजवत होता. वडील एकदाही बघायला आले नाहीत. चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली की ते तळघरात उतरायचे आणि आतून कडी लावायचे. पथकाने राज्याचा करंडक जिंकला त्या दिवशी ते तळ्यावर मासे धरत बसले होते. का आला नाहीत, असं एमिलने विचारलं, तेव्हा म्हणाले, "गोंगाट असतो नुसता." एमिल तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्यानंतर तीस वर्षं बापलेक हवामानाबद्दल आणि गाड्यांबद्दल बोलले. इस्पितळातल्या शेवटच्या दिवसांतही तेवढंच.

"स्वतः वाजवायचे," तो म्हणाला, "आणि माझं ऐकायला यायचं म्हटलं की गोंगाट!"

"आज नको, एमिल."

त्याने पुन्हा भिंग लावलं. टोप्यांना तुरे नव्हते. टोप्यांखाली डोकी भादरलेली. बाह्यांवरच्या पट्ट्या घरगुती, वाकड्यातिकड्या टाक्यांच्या. सगळ्यांचे बूट एकाच मापाचे वाटत होते. आणि खिशांच्या जागा शिवून बंद केलेल्या, मुलांना काही लपवता येऊ नये म्हणून.

हा गणवेश त्याने एकदाच पाहिला होता. सहा वर्षांपूर्वी एक म्हातारा असाच फोटो घेऊन आला होता. एमिलला काही ओळख पटेना. मग त्या म्हाताऱ्यानेच सांगितलं होतं, सगळं. त्या दिवशी एमिलला जेवण गेलं नव्हतं.

"काय रे? तुला एवढा वेळ लागत नाही."

कुठल्या तरी चर्चचं असेल, असं म्हणून टाकता आलं असतं. आईने फोटो चौकटीत घालून लग्नाच्या फोटोशेजारी लावला असता. एमिलने तिच्याकडे पाहिलं. त्याला खोटं बोलवेना.

"आई, हे वरच्या खोऱ्यातलं मुलांचं सुधारगृह आहे. बाबा तिथे होते."

"छे! ते दोन वर्षं काकांच्या शेतावर होते. मला त्यांनीच सांगितलंय."

"शेत नव्हतं ते, आई."

ती हळूच म्हणाली, "मिरवणुकीत तरी न्यायचे ना त्यांना?"

"वर्षातून एकदा. फोटोपुरतं." एमिलने भिंग टेबलावर ठेवलं. "दर शनिवारी मुलांना पट्ट्याने मारायचे. ओरडणं रस्त्यापर्यंत जाऊ नये म्हणून या पोरांना अंगणात ड्रम वाजवायला लावायचे. जो थांबेल त्याचा नंबर पुढचा."

व्हेर्नाने फोटो जवळ ओढला. त्या मुलाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. एमिल उठून खिडकीशी गेला. त्याच्या पाठीकडे बघत ती बोलू लागली.

"तू पोटमाळ्यावर तासन्‌तास बडवत बसायचास. तुझे बाबा इथे, याच खुर्चीत, घामाने भिजून जायचे. ताट तसंच पुढ्यात. एकदा मला बघवेना. मी तुला गप्प करायला उठले, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. ते काय म्हणाले, त्याचा मला तेव्हा काही अर्थच लागला नाही."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, थांबवू नकोस त्याला, व्हेर्ना. तो आपल्या मर्जीने वाजवतोय."