यंत्र ठणठणीत आहे

फोन आला तेव्हा टर्नर थर्मासमध्ये बर्फ भरत होता. बर्फाच्या यंत्रात कालचंच पाणी शिल्लक होतं. बायकोला आदल्या संध्याकाळी पुन्हा दवाखान्यात ठेवलं होतं. औषधांनी तिचं तोंड आतून सोलवटून निघालं होतं. बर्फाचा खडा चघळला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

"आता घाई करू नका, काका," सिस्टर म्हणाली. "सावकाश या."

त्याने थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि थर्मास घेऊनच गेला.

बायकोने सांगून ठेवलं होतं, "माझं झालं की हे यंत्र दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंना द्या. त्यांच्या तोंडाचीही हीच गत आहे. आणि अहो, बंद पडलेलं देऊ नका. चालू करून, बघून द्या."

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी तो यंत्र चालू करून बघायला गेला आणि यंत्राने दगा दिला. एरवी दहा मिनिटांत नऊ भरीव खडे पडायचे. आता पडले ते नुसते पापुद्रे. हातात घेईपर्यंत त्यांचं पाणी झालं.

चाळीस वर्षं कारखान्यात टर्नर म्हणून लेथवर काढलेला माणूस. केसभराचा फरक बोटाने ओळखायचा. त्याने यंत्र भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. मागची जाळी जुन्या टूथब्रशने घासली. प्लग बदलला. पाणसळ लावून बघितली, यंत्र सपाटीत होतं. मागे टेबल फॅन लावला. प्रत्येक वेळी दोनदा पापुद्रे पडले की तो यंत्र बंद करायचा, पाणी काढून टाकायचा आणि नव्याने सुरुवात करायचा.

"बाबा, दिलं का यंत्र?" मुलीने फोनवर विचारलं. "त्या बाईंच्या मिस्टरांचा परत फोन आला होता. त्यांना पाणीसुद्धा गिळवत नाहीये."

"बिघडलंय."

"कधी?"

"हिच्या मागोमाग."

"कुणाला तरी दाखवा. स्वतः खोलत बसू नका."

"खोललं नाही. नुसते स्क्रू काढून बघितले."

फ्रीजवाला यंत्र दुकानात घेऊन गेला. दुकानात ते झकास चाललं. घरी आणलं, की पापुद्रे. पुन्हा नेलं. तिथे त्याने आल्यागेल्या गिऱ्हाइकांना गार पाणी पाजलं. घरी आणलं, की पापुद्रे. तिसऱ्यांदा फ्रीजवाला स्वतःच आला आणि स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसला.

"काका, हे माझ्याकडे शहाण्यासारखं वागतं आणि तुमच्याकडे आलं की रुसतं. आता तुम्ही रोज करता अगदी तस्सं करा. मी मध्ये बोलणार नाही."

टर्नरने पातेलं भरून गॅसवर ठेवलं.

"हे कशाला?" फ्रीजवाला मध्ये बोलला.

"पाणी उकळलेलंच पाहिजे. डॉक्टरांनी सांगितलंय."

पाणी खळखळून उकळलं. टर्नरने पातेलं ओट्यावर उतरवलं, झाकण ठेवलं आणि खुर्चीत पेपर घेऊन बसला. पहिलं पान वाचलं. शेवटचं वाचलं. पेपरची घडी केली. मग उठून फडक्याने पातेलं धरलं आणि पाणी यंत्रात ओतायला लागला.

"थांबा, थांबा." फ्रीजवाल्याने पातेल्याला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. "काका, यात चहा होईल. बर्फ कुठून होणार?"

टर्नर हातातल्या फडक्याकडे बघत राहिला.

"काकू असताना किती वेळ गार होऊ द्यायचात?"

"वेळ माहीत नाही," टर्नर म्हणाला. "मी पेपर वाचत असायचो. ती मधूनमधून पातेल्याला हात लावून बघायची. मग म्हणायची, अहो, ओता. की मी ओतायचो."

फ्रीजवाल्याने यंत्र रिकामं केलं, जरा निवू दिलं आणि फ्रीजमधल्या बाटलीतलं पाणी भरलं. तेवढ्यात टर्नरने सवयीने दुसरं पातेलं उकळून ओट्यावर ठेवलंही होतं. दहा मिनिटांनी नऊ खडे खडखडत पडले. भरीव.

"यंत्र ठणठणीत आहे," फ्रीजवाला म्हणाला. "बिघडलं कधी नव्हतंच. ते दुसरं पातेलं गार होऊ द्या आणि तेही भरून बघा, म्हणजे तुमची खात्री होईल."

"खात्री झाली."

टर्नरने यंत्र कोरडं पुसलं, टॉवेलात गुंडाळलं आणि त्या बाईंचा पत्ता लिहून दिला. फ्रीजवाला ते स्कूटरवर पुढ्यात ठेवून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंच्या नवऱ्याचा फोन आला.

"बर्फ छान होतोय हो. काल माझ्या मुलीने सगळं केलं. आज हिने दोन घास खाल्ले, ही म्हणजे माझी मंडळी. मुलगी आता गेली परत. मला एकच सांगा. उकळलेलं पाणी ओतण्याइतकं गार झालं, हे कसं ओळखायचं? किती मिनिटं धरायची?"

"मिनिटं धरू नका," टर्नर म्हणाला. "पातेलं त्यांच्याजवळ न्या. त्यांनाच हात लावून बघू द्या. त्या म्हणाल्या, ओता, की ओता."

"बरं."

"आणि तेवढा वेळ पेपर वाचू नका."

त्याने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात आला. कालचं दुसरं पातेलं ओट्यावरच होतं, झाकण ठेवलेलं. पाणी केव्हाच गार झालं असणार. अहो, ओता, असं कुणी म्हटलं नाही. ओतायचं राहिलंय.