उज्ज्वल दुसऱ्यांदा नापास

“याही वेळी उडालो, मॅडम,” उज्ज्वल म्हणाला.

एकताने चहाचा कप बाजूला सरकवला आणि किती मार्कांनी, असं विचारलं. चार, असं त्याने सांगितलं. ती रागावली नाही. मार्चमध्येही रागावली नव्हती. तिने वही उघडली.

सिंगापूरमधल्या क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमधलं, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारातलं, हे कोपऱ्यातलं टेबल दर रविवारी सकाळी त्या दोघांचं असे. उज्ज्वल जालन्याचा. तिकडे दहा वर्षं ट्रक चालवून आता इथे केमिकलच्या टँकरवर होता. एकता नागपूरची, जुरोंग आयलंडवरच्या एका प्लांटमध्ये इंजिनिअर. गेल्या वर्षी आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमानंतर हॉलमधल्या खुर्च्या आवरताना ओळख झाली. दोघंही तिशीतली, दोघांचीही लग्नं राहिलेली.

जानेवारीत उज्ज्वलच्या कंपनीने ड्रायव्हरना बजावलं, की इंग्रजीची परीक्षा पास व्हा, नाहीतर वर्क परमिट पुढे वाढणार नाही. संधी तीन. त्याने बिचकतच तिला शिकवाल का म्हणून विचारलं. ती लगेच हो म्हणाली.

ती कधी गेटवरचा गार्ड व्हायची, कधी प्लांटमधला ऑपरेटर. टँकरमध्ये काय आहे, असं इंग्रजीत इतक्या जोरात दरडावायची की शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबा नूडल्स खायचे थांबायचे. एकदा तर उज्ज्वल अडखळला आणि आजोबांनीच सिंगापुरी ढंगात उत्तर देऊन टाकलं, “ॲसिड, ला.”

खरी गोष्ट अशी होती की उज्ज्वल मार्चमध्ये पहिल्याच झटक्यात पास झाला होता. परमिट दोन वर्षांसाठी वाढलंही होतं. त्या रविवारी तो पेढे घेऊनच आला होता. पण त्याने तोंड उघडायच्या आत एकता हसत म्हणाली, की तुम्ही एकदा पास झालात की शिकवणी संपली, मलाही रविवारी झोपायला मिळेल.

पेढे पिशवीतच राहिले.

तेव्हापासून तो नापास होत होता, आणि ते काही सोपं नव्हतं. आठवणीने चुका कराव्या लागत. एकदा बोलण्याच्या भरात त्याने व्हॉल्व्ह गळत असल्याची अख्खी तक्रार बिनचूक इंग्रजीत सांगितली आणि मग बराच वेळ खोकत बसला.

“आता एकच संधी उरली,” एकता म्हणाली. “माझ्याच शिकवण्यात काहीतरी चुकतंय. पुढच्या रविवारपासून तुम्ही चारुदत्त सरांकडे जा. रिटायर्ड शिक्षक आहेत, कडक आहेत. मी बोलून ठेवलंय.”

उज्ज्वलने पेन खाली ठेवलं. आपल्यापायी आता एक म्हातारा माणूसही रविवार फुकट घालवणार, हे काही त्याला पटेना. आणि इथे येणं तर तसंही बंदच होणार होतं.

“मी नापास झालो नाही,” तो म्हणाला. “मार्चमध्येच पास झालो. सांगितलं असतं तर तुम्ही रविवारी भेटला नसता.”

एकताने वही मिटली आणि पर्समध्ये टाकली. ती आता उठून जाणार, हे तो धरूनच चालला. निदान जाताना नीट वागावं, म्हणून तो म्हणाला, की चारुदत्त सरांना तेवढं कळवून टाका, उगाच माझी वाट बघत बसतील.

“चारुदत्त सर नावाचं कोणी नाही,” एकता म्हणाली. “तुमच्या कंपनीच्या परीक्षेचे पेपर तपासायला आमच्याच प्लांटमध्ये येतात. मार्चमध्ये तुझा पेपर मीच तपासला होता.”