शिसं कुणाच्या डोक्यात

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारा मिस्त्री बायकोने सांगितलेलं प्रत्येक काम विसरायचा. गळका नळ, सासूबाईंचं औषध, सगळंच. तिने तोंड सोडलं की कपाळावर बोट ठेवून म्हणायचा, "शिसं गेलंय गं मेंदूत. विसरणारच मी."

शेवटी तिने त्याला धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोघांचंही रक्त तपासलं.

"तुम्ही कामावर मास्क लावता, तुमचं ठीक आहे," डॉक्टर मिस्त्रीला म्हणाले. "पण धुळीने भरलेले तुमचे कपडे घरी ह्या झटकून धुतात. शिसं यांच्या रक्तात वाढलंय. असंच चाललं तर विसरायची पाळी यांच्यावर येईल."

दुसऱ्या दिवशी कामावरून येताच मिस्त्रीने सवयीने मळके कपडे तिच्यापुढे केले.



तिने त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि शांतपणे विचारलं, "आपण कोण?"