टीव्ही हलला नाही

सकाळी भूकंपाचा हलका धक्का बसला, तसा दादाने फिटर बोलावून टीव्ही भिंतीला पट्ट्यांनी आवळून घेतला. त्याच खोलीत बाबांच्या पलंगाशेजारचं अवजड लोखंडी कपाट मात्र मोकळंच उभं होतं.

"आधी कपाट बांधून घे," मी म्हणालो.

"आणि भोकं पाडून त्याचा रंग घालवू? तू अक्कल पाजळू नकोस."

बापापेक्षा रंगाची काळजी करणारा हा माझा सख्खा भाऊ.

काम संपवून फिटर म्हणाला, "हलवून दाखवतो, साहेब." त्याने दोन्ही हातांनी टीव्हीला जोरात हिसका दिला. टीव्ही तसूभर हलला नाही. त्याच्या बंद काळ्या काचेत मात्र आमची अख्खी खोली गदागदा हलली आणि कपाट पलंगावर आडवं झालं.

फिटरने चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. दादा काचेकडे बघतच राहिला.

मी गर्रकन वळलो. कपाट जागेवर सरळ उभं होतं. बाबा पलंगावर पाय पसरून पेपर वाचत होते.

"उठा बाबा, बाहेर चला." मी त्यांचा हात धरून ओढला.

बाबा कळवळले. "ओढतोस काय, गाढवा! पाय चिरडलेत माझे. आधी दोघं मिळून हे कपाट उचला!"