ऊर्जा नष्ट होत नाही

"काका गेले कुठे? कुठ्ठेच नाही!" महेंद्रच्या बाबांच्या तेराव्याच्या पंगतीत सलिल लाडू चघळत म्हणाला. ओठांना बुंदीचा चुरा चिकटलेला. महेंद्रला शिसारी आली.

सलिल त्याचा चुलतभाऊ. डोंबिवलीत 'परमाणू ते परमात्मा' अशी शिबिरं भरवायचा. मयताच्या घरीही ह्या मेल्याचं दुकान चालूच.

"साधं गणित आहे! काकांचं वजन सत्तर किलो. गुणिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. बापरे, केवढी ऊर्जा! आणि विज्ञानच सांगतं, ऊर्जा नष्ट होत नाही. आपल्या ऋषींनी तिलाच आत्मा म्हटलं. काकू, काका ह्याच घरात आहेत. तुमच्या आसपास!"

पंगतीनं माना डोलावल्या. एकानं तर उष्ट्या हातानंच फोटोला नमस्कार ठोकला. शी!

महेंद्र कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. स्मशानात काय झालं ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. उष्णता झाली, धूर झाला, राख उरली. आत्मा असेल नसेल, पण त्याला किलोत मोजणाऱ्या ह्या गाढवाला ना विज्ञान कळलं होतं, ना अध्यात्म. दोन्हींचा नुसता चोथा करून ठेवलेला. हे त्याच्या तोंडावर फेकायला महेंद्रची जीभ शिवशिवत होती.

पण आई दारात थिजून उभी होती. बाबांचा घरात दरारा असायचा. ते गेल्यापासून ती रडली नव्हती. धक्का बसलाय, तिला एकदा रडू दे, असं जो तो महेंद्रला सांगत होता. आता पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले.

"महेंद्र, तू शिकलेला आहेस," ती म्हणाली. "सलिल म्हणतो ते खरं का रे? हे अजून घरातच आहेत?"

सगळे महेंद्रकडे बघायला लागले. खरं सांगून आईचा एवढा आधारही काढून घ्यायचा? सलिलची किळस येत होतीच, आता स्वतःचीही आली.

"हो आई. ऊर्जा नष्ट होत नाही. बाबा इथेच आहेत. कायमचे."

सलिलनं खुशीत दुसरा लाडू उचलला.

आईनं चटकन दोन्ही हात तोंडापुढे धरले, मार चुकवावा तसे.

"म्हणजे हे मेले तरी माझी सुटका नाहीच का रे?"