खाली ठेवलेली पेन्सिल

"विमानाची तिकिटं दोनच काढीन. ही मुलगी तर नुसता कागद खरडतेय," संघाचं प्रात्यक्षिक बघत देणगीदार शेट म्हणाले. परदेशातल्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेत तिघांना मिळून एकच कॉम्प्युटर असतो, म्हणून उत्तर आधी कागदावर मांडावं लागतं, हे सांगून सांगून संघाच्या शिक्षिका शिंत्रेबाई थकल्या होत्या.

"रुबीना, पेन्सिल खाली ठेव," त्या एकदम बोलून गेल्या.

दोघं मुलं कीबोर्ड बडवत राहिली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. आपलीच मुलं अडावीत, असं बाईंना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

हळूहळू टकटक थांबली. दोघांनीही वळून रुबीनाकडे पाहिलं. ती हात मांडीखाली दाबून बसली होती.

शेट उठले. टेबलावरची पेन्सिल उचलून त्यांनी तिच्यासमोर धरली. "घे, पोरी. तुझा पासपोर्ट काढलाय का?"