तक्रार नाही

"इथे सही करा," ती म्हणाली आणि पुठ्ठ्याला लावलेला कागद नवऱ्यापुढे धरला.

त्यांनी आधी चष्मा मागितला. वाचल्याशिवाय सही नाही, ही खोड दवाखान्याच्या खाटेवरही सुटली नव्हती. दुसऱ्यांची घरं तपासण्यातच त्यांची सगळी नोकरी गेली होती. भिंतीला ओळंबा लावायचा, फरशीवर टिचकी मारून पोकळ आवाज ऐकायचा आणि नापास करून मोकळं व्हायचं. आता स्वतःचं नवं घर बांधून तयार झालं, तर त्यातही त्यांनी एकतीस दोष काढले. आणि सगळे दोष निस्तरले असं लिहून दिल्याशिवाय बिल्डर नोंदणीची तारीख देत नव्हता. दोन तारखा त्यातच गेल्या.

"'आमची कोणतीही तक्रार नाही,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "आणि बाथरूमचा उतार?"

"तेवढाच तर राहिलाय. राहू द्या ना."

"तेवढाच! पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे येतंय. मी कुणाला सोडलं असतं का असं?"

"कुणाला नाही सोडलंत. म्हणून तर घर दाखवायला कुणी बोलवायचं नाही आपल्याला."

ते हसले. हसताना धाप लागली, तशी तिने पाठीमागची उशी सारखी केली.

बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलीने सकाळीच बजावलं होतं. आज सही आली तर गुरुवारी अकरा वाजता नोंदणी आणि लगेच किल्ली. नाहीतर फरशी उखडून पुन्हा बसवायची, आणि मग थेट पुढच्या महिन्याची चोवीस तारीख.

डॉक्टरांनी काल तिला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं होतं, आठवडा, फार तर दहा दिवस. ते तिने त्यांच्या कानावर घातलं नव्हतं. तिचा सगळा जीव गुरुवारात अडकला होता. चाकाच्या खुर्चीत बसवून न्यायचं आणि एक रात्र तरी तिथे झोपवायचं. जन्मभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेला माणूस. खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारून.

"अहो, पाणी मी रोज पुसून घेईन. गुरुवारच धरू या."

"घाई कसली? चोवीस घे."

"चोवीस फार लांब आहे."

"कुणाला?"

पुठ्ठ्याचा चिमटा ती नुसता उघडत मिटत राहिली.

"अगं, तुझा गुडघा आधीच तसला," ते हळू आवाजात म्हणाले. "ओल्या फरशीवर पडलीस तर हाक कुणाला मारशील? आणि एकदा ही सही दिली, की ती माणसं दारात फिरकायची नाहीत. तेव्हा भांडायला मी थोडाच असणार आहे?"

त्यांनी पेन मागितलं. तिला वाटलं, विरघळले. पण त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागले. ओळ सरळ आली. खरेदीदारांतून माझं नाव वगळावं, घर एकट्या पत्नीच्या नावे करावं. खाली सही, तिच्याखाली आजची तारीख.

"हे आत्ताच पाठवून दे. नाहीतर चोवीसला दोन नावांचे कागद तयार ठेवतील. मग ती पोरगी विचारणार, काका कुठायत? की पुन्हा तारीख गेली."

फोन वाजला. तीच मुलगी. तिचा हात फोनकडे जाईना, म्हणून त्यांनीच तो उचलून तिच्या कानाला लावला.

"चोवीस सांग," ते म्हणाले. "आणि तुझं नाव सावकाश सांग. चुकीचं लिहितात ही माणसं."